मुलांच्या फँटसी कादंबऱ्या मोठ्यांना का सोडवत नाहीत?

ऑक्टोबर १९३६ मधली गोष्ट. लंडनचे प्रकाशक स्टॅन्ली अनविन यांच्याकडे एक हस्तलिखित आलं होतं. लिहिणारे गृहस्थ ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक. मुलांचं पुस्तक पारखावं तर मुलांनीच, असं अनविन यांचं मत असल्यामुळे त्यांनी ते आपल्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं. रेनर दहा वर्षांचा होता आणि या कामाचा त्याला एक शिलिंग मिळायचा. त्यानं गोष्टीचा गोषवारा लिहिला आणि खाली शेरा मारला: पुस्तक चांगलं आहे, नकाशे असतील तर चित्रांची गरज नाही, पाच ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना आवडेल.

म्हणजे दहा वर्षांच्या परीक्षकाच्या मते हे पुस्तक ‘लहान मुलांचं’ होतं! ते होतं जे. आर. आर. टोल्किन यांचं ‘द हॉबिट’. सप्टेंबर १९३७ मध्ये ते छापून आलं आणि रेनरनं आखून दिलेली नवाची मर्यादा वाचकांनी कधीच पाळली नाही.

पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी म्हणून निघालेल्या पुस्तकात पन्नाशीच्या माणसाला नेमकं काय मिळतं? ‘आपल्या आत दडलेलं मूल जागं होतं’ हे उत्तर हमखास ऐकू येतं. मला ते आळशी उत्तर वाटतं. बालपणाची आठवण काय, एखादं जुनं खेळणं सापडलं तरी चाळवते. तेवढ्यासाठी कोणी चारशे पानं वाचत बसत नाही. शिवाय कितीतरी लोकांनी ही पुस्तकं लहानपणी पाहिलेलीही नसतात. चाळिशीत पहिल्यांदा हातात घेतात आणि रात्री दोनपर्यंत खाली ठेवत नाहीत. त्यांना कसली आठवण येणार?

मुलांसाठी लिहायचं म्हटलं की लेखकावर काही बंधनं येतात. रटाळ लिहून चालत नाही. गोष्टीतल्या जगाचे नियम पक्के ठेवावे लागतात, कारण मुलं चुका बरोबर पकडतात. आणि मनातली गुंतागुंत पानपानभर उलगडत बसता येत नाही. ती डोळ्यांना दिसेल, हाताला लागेल अशी करावी लागते. बंधनं मुलांसाठी घातलेली असतात, पण मोठ्यांना या पुस्तकांत जे सापडतं ते त्यांतूनच तयार होतं, असं माझं म्हणणं आहे.

वय कधी चिकटलं?

परीकथा मुळात मुलांच्या नव्हत्याच. सतराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमधल्या उच्चभ्रू बैठकांत त्या रंगायच्या. सांगणारे मोठे, ऐकणारेही मोठे. मादाम द’ओल्नुआ आणि शार्ल पेरो या दोघांचे संग्रह १६९७ सालचे. पुढे ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये जर्मन कथांचा पहिला खंड काढला तेव्हा त्यात अभ्यासकांसाठी टिपा जोडल्या होत्या. मुलांना द्यायला हे जरा भडक आहे, अशी कुरकुर झाल्यावर पुढच्या आवृत्त्यांमधून कथा हळूहळू सौम्य होत गेल्या आणि १८२५ मध्ये निवडक ५० कथांची छोटी आवृत्ती निघाली. मुलांची म्हणून ती खपली आणि शिक्का बसला.

टोल्किन यांनी १९३९ मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर एक व्याख्यान दिलं. त्यात ते म्हणतात, जुनं झालेलं फर्निचर जसं मुलांच्या खोलीत ढकलतात, तशा या कथा मुलांकडे ढकलल्या गेल्या. मुलांनी मागितल्या म्हणून नव्हे. मोठ्यांना त्या नकोशा झाल्या म्हणून.

वयाचा शिक्का पक्का करण्यात पुढे दुकानातल्या कपाटांचाही हात होताच. जे. के. रोलिंग यांची हॅरी पॉटर मालिका गाजू लागली तेव्हा ब्रिटिश प्रकाशकांनी १९९८ मध्ये पहिल्याच पुस्तकाची मोठ्यांसाठी वेगळ्या, गंभीर मुखपृष्ठाची आवृत्ती काढली. आत अक्षराचाही फरक नाही. ट्रेनमध्ये वाचताना लाज वाटू नये, एवढीच सोय. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं तर २००० साली खपाच्या यादीतून मुलांच्या पुस्तकांची यादी वेगळीच काढली, कारण वरच्या जागा पॉटरच्या पुस्तकांनी अडवून धरल्या होत्या. तेव्हा ‘हे मुलांचं, ते मोठ्यांचं’ ही वाटणी कोण कशासाठी करतं, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

गोष्टीत शिरताना सगळेच नवखे

मोठ्यांसाठीची वास्तववादी कादंबरी वाचायला आयुष्याचा थोडाफार अनुभव लागतो. नोकरीतलं राजकारण, मोडत आलेला संसार, वाटणीवरून दुरावलेले भाऊ, यातलं काही पाहिलेलं नसेल तर अर्धी कादंबरी डोक्यावरून जाते. नऊ वर्षांचं मूल तिथे दाराबाहेरच राहतं.

फँटसीत हा फरक पुसला जातो. हॉबिट म्हणजे काय, हे नऊ वर्षांच्या मुलीला माहीत नसतं आणि तिच्या साठ वर्षांच्या आजोबांनाही. ड्रॅगनशी कसं बोलावं, कुठल्या दारातून गेलं की परत येता येत नाही, हे दोघांनाही एकाच पानावर कळतं. नायक साध्या जगातून अनोळखी जगात जातो, त्या पद्धतीच्या गोष्टीत तर हे फारच उघड दिसतं. सी. एस. लुईस यांच्या नार्नियाच्या गोष्टीत कपाटातून पलीकडच्या बर्फात उतरणारी मुलगी जेवढी गोंधळलेली, तेवढाच वाचक. मोठ्या माणसाला असं कोरं होण्याची संधी एरवी क्वचितच मिळते. कामाच्या ठिकाणी, घरात, चारचौघांत आपल्याला सगळं माहीत आहे अशा थाटात त्याला वावरावं लागतं.

पण अनोळखी जगात वाचक टिकून राहायला तिथे नियम लागतात. कवी कोलरिज यांनी १८१७ मध्ये म्हटलं होतं, की वाचक आपणहून अविश्वास बाजूला ठेवतो. टोल्किन यांना हे पटलं नाही. त्यांच्या मते चांगला कथाकार एक दुसरं जग उभं करतो, त्या जगाच्या कायद्यानुसार तिथलं सगळं खरंच असतं, आणि वाचक आत असेपर्यंत विश्वास ठेवतो. अविश्वास बाजूला ठेवण्याची कसरत करावी लागली, तर गोष्ट फसली असं समजावं.

उर्सुला ले ग्विन यांची १९६८ ची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या बाबतीत आदर्श आहे. मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा, असं प्रकाशकानं सुचवल्यावर त्या विचार करू लागल्या: गोष्टींमधले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचेच का? ते कधी तरी पंधरा वर्षांचे असतील की नाही? आणि त्यांना शिकवलं कुणी? त्यातून गेड हा मुलगा आला. त्याच्या जगात प्रत्येक वस्तूला, प्रत्येक प्राण्याला एक खरं नाव असतं. ते कळलं तर तुमची तिच्यावर सत्ता चालते. पण सत्ता फुकट मिळत नाही; इथे पाऊस पाडला तर दुसऱ्या कुठल्या तरी बेटावर दुष्काळ पडू शकतो. जादू येत असूनही ती न वापरणारे गुरू गेडला आधी कंटाळवाणे वाटतात. दहा वर्षांच्या वाचकालाही वाटतात. हातात थोडे अधिकार येऊन गेलेल्या माणसाला ते गुरू पहिल्या भेटीतच ओळखीचे वाटतात.

मनातलं बाहेर

माझ्या मते या कादंबऱ्यांची खरी ताकद इथे आहे. मोठ्यांची कादंबरी म्हणेल, ‘त्याला आतून पोखरल्यासारखं वाटत होतं.’ मुलांची फँटसी तो पोखरणारा प्राणीच समोर आणून उभा करते. मग त्याच्याशी बोलता येतं, त्याच्यापासून पळता येतं, त्याला हरवताही येतं.

फिलिप पुलमन यांच्या ‘नॉर्दर्न लाइट्स’ (१९९५) या कादंबरीत प्रत्येक माणसासोबत एक प्राणी असतो. पुलमन त्याला डीमन म्हणतात. तो माणसाचा आत्माच, फक्त शरीराबाहेर राहणारा. त्याच्यापासून फार लांब गेलं की असह्य वेदना होतात. मूल लहान असतं तोवर डीमन हवं ते रूप घेतो: आता उंदीर, मग पतंग, घाबरला की रानमांजर. वयात आलं की तो एका रूपात स्थिरावतो आणि पुन्हा कधी बदलत नाही.

मुलं हे वाचतात आणि विचारतात, माझा कुठला प्राणी असेल? बोलणारा, कधीही सोडून न जाणारा सोबती कुणाला नको असतो? मोठा वाचक मात्र दुसऱ्याच वाक्याशी थबकतो. रूप बदलायचं थांबतं, हे त्याला अनुभवानं ठाऊक असतं. जहाजावरचा एक खलाशी नायिकेला, लायराला, सांगतो की पुष्कळांना सिंह हवा असतो आणि वाट्याला येतो कुत्रा. आपण जे आहोत त्यात समाधान मानायला शिकत नाहीत तोवर ते धुसफुसत राहतात. लायरा अकरा-बारा वर्षांची, तिला हे पटत नाही. पंचेचाळिशीचा वाचक पान न उलटता थोडा वेळ तसाच बसतो. यासाठी पुलमन यांनी मानसशास्त्राचं एक वाक्यही लिहिलेलं नाही. उंदीर, पतंग आणि कुत्रा एवढ्यावर काम भागलं.

आणखी एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही, कारण ते मला याहूनही सरस वाटतं. जर्मन लेखक मिखाएल एंडे यांची ‘मोमो’ ही कादंबरी १९७३ ची. एका शहरात करड्या कपड्यांतली, करड्या चेहऱ्यांची माणसं येतात. ती लोकांचा वेळ चोरतात. त्यासाठी चाकू लागत नाही, हिशेब पुरतो. फूसी नावाचा ४२ वर्षांचा एक न्हावी असतो. एक करडा माणूस त्याच्या दुकानात येतो आणि आरशावर आकडे मांडू लागतो. ४२ वर्षं म्हणजे १,३२,४५,१२,००० सेकंद. झोप वजा. काम वजा. म्हाताऱ्या आईजवळ रोज बसण्यात जाणारा एक तास वजा. पाळलेल्या पक्ष्यामागे पाव तास. चालता न येणाऱ्या एका बाईंना रोज फूल नेऊन देण्यात अर्धा तास. मित्र, गाणं, खिडकीत बसणं. शेवटी शिल्लक किती? शून्य. फूसीचं आयुष्य अक्षरशः मातीमोल ठरतं आणि तो घाबरून वेळ ‘वाचवायला’ लागतो. आईला वृद्धाश्रमात ठेवतो, पक्षी विकून टाकतो, गिऱ्हाइकांशी बोलणं बंद करतो. वाचवलेला वेळ जातो कुठे? करड्या माणसांच्या सिगारमध्ये. ती तो ओढून जगतात.

आठ वर्षांच्या मुलाला ही भुताची गोष्ट वाटते, आणि ती भीतीदायक आहेच. मोठ्या माणसाला ती हिशेबाची वही वाटते. गंमत म्हणजे हिशेबात गणिताची चूक नाही, मी पडताळून पाहिला. चूक कुठे आहे ते प्रत्येकानं आपलं आपण शोधायचं.

रोलिंग यांच्या पुस्तकांतले डिमेंटर हे याच जातीचे. माणसातला सगळा आनंद शोषून घेणारे ते पहारेकरी स्वतःच्या नैराश्याच्या अनुभवातून आले, असं लेखिकेनंच सांगितलं आहे. मुलांना ते राक्षस म्हणून पुरतात. ज्यांनी ती अवस्था भोगली आहे त्यांना नाव सांगावं लागत नाही.

मरण, शेवट आणि पळवाट

फँटसी म्हणजे वास्तवापासून पळ, हा जुना आरोप. टोल्किन यांनी त्याला चोख उत्तर दिलं: तुरुंगातून सुटू पाहणारा कैदी आणि रणांगणातून पळणारा सैनिक यांच्यात तुम्ही गल्लत करताय. हे म्हणणारा माणूस स्वतः पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या सोमच्या लढाईत खंदकात होता, हे विसरून चालणार नाही. त्यांच्या मते परीकथेतला सुखान्त म्हणजे ‘सगळं छान झालं’ नव्हे. सगळं बुडालं असं पक्कं वाटत असताना, कुणी गृहीत धरली नव्हती अशी कलाटणी येते आणि श्वास अडकतो. तो क्षण म्हणजे सुखान्त. दुःखाची शक्यता खरी असेल तरच तो साधतो. म्हणूनच या पुस्तकांत मरण इतकं असतं.

स्वीडिश लेखिका ॲस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या ‘द ब्रदर्स लायनहार्ट’ (१९७३) मध्ये तर दोन्ही नायक सुरुवातीच्या प्रकरणांतच मरतात. धाकटा आजारी, थोरला त्याला पाठीवर घेऊन जळत्या घरातून उडी मारतो आणि स्वतः जातो. थोड्या दिवसांनी धाकटाही जातो, आणि दोघे नांगियाला नावाच्या देशात भेटतात. खरी गोष्ट तिथून पुढे. काही मोठ्यांनी पुस्तकावर कडक टीका केली: मुलांना हे काय वाचायला देताय? पण नीट पाहिलं तर इथे एकाच मजकुरात दोन कादंबऱ्या आहेत. मूल वाचतं तेव्हा नांगियाला आहे, भाऊ भेटतो, पुढे साहस आहे. मोठा वाचतो तेव्हा त्याला मधूनमधून स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपलेला, एकटा पडलेला आजारी मुलगा दिसत राहतो. लेखिका दोघांपैकी कुणालाही खोटं पाडत नाही.

असं दोघांशी एकाच वेळी बोलणं सोपं नसतं. समीक्षक बार्बरा वॉल यांनी १९९१ मध्ये यातला एक उपयोगी भेद मांडला. काही लेखक मुलांशी बोलता बोलता त्यांच्या डोक्यावरून मोठ्यांना डोळा मारतात. विनोद मोठ्यांना कळतो, मुलांना कळू नये अशीच योजना असते. काही लेखक मात्र एकाच वाक्यात दोघांनाही सामावून घेतात. मुलांचे म्हणवणारे पुष्कळ ॲनिमेशनपट पहिल्या प्रकारचे असतात. वर आलेली पुस्तकं दुसऱ्या प्रकारची आहेत, आणि जी पिढ्यान्‌पिढ्या टिकतात ती बहुधा हीच. या कथांना पूर्वीपासून एक मोठा माणूस शेजारी बसलेला असतोच, कारण कितीतरी गोष्टी आधी मोठ्यानं सांगितल्या किंवा वाचून दाखवल्या गेल्या. लुईस कॅरल यांनी ॲलिसची गोष्ट ४ जुलै १८६२ रोजी होडीत बसून तीन मुलींना सांगितली, तेव्हा वल्हवायला सोबत त्यांचा एक मित्रही होता. ‘जागच्या जागी राहायचं तर जिवाच्या आकांतानं धावावं लागतं’ असं सांगणारी, ॲलिसच्या दुसऱ्या पुस्तकातली लाल राणी तर पुढे थेट विज्ञानात पोहोचली. १९७३ मध्ये उत्क्रांतीबद्दलच्या एका सिद्धान्ताला तिचंच नाव मिळालं.

आई-वडील या गोष्टींत सहसा का नसतात, याचं उत्तर मात्र साधं आहे. असते तर त्यांनी मुलांना रात्री जंगलात जाऊ दिलं नसतं आणि कादंबरी दहाव्या पानावर संपली असती. पण ती रिकामी जागाही वयानुसार बदलते. लहानपणी ती मोकळीक वाटते. स्वतःला मुलं झाल्यावर तीच पानं वाचा. लक्ष घरी खिडकीशी थांबलेल्या आईकडे जातं.

सगळंच सोनं नाही

इतकं कौतुक केल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. मोठ्यांना या पुस्तकांची ओढ वाटण्याचं एक कारण फारसं अभिमानास्पद नाही: चांगले कोण, वाईट कोण हे इथे लगेच कळतं, आणि नायक जन्मतःच ‘निवडलेला’ असल्यामुळे त्याला फारसं ठरवावंही लागत नाही. दमलेल्या माणसाला हे सोयीचं असतं. बाजारात अशी पुस्तकं ढिगानं आहेत. वाईट माणसांची अख्खी जमात असते, तिच्यातला एकही जण कधी विचार करत नाही आणि त्यांना मारताना कुणाचा हात थरथरत नाही. अशा पुस्तकांना वाचक मिळतात. पुन्हा वाचणारे फार मिळत नाहीत.

चांगले लेखक स्वतःच्या जगालाही प्रश्न विचारतात. अर्थसीमध्ये मोठी जादू फक्त पुरुषांना का, आणि बायकांची जादू हलकी का मानली जाते, हा प्रश्न पुढे ले ग्विन यांनाच छळू लागला. म्हणून १९९० मध्ये त्या ‘टेहानू’ या चौथ्या पुस्तकातून तिथे परत गेल्या. या वेळी नायिका एक मध्यमवयीन विधवा, सोबत भाजून विद्रूप झालेली एक लहान मुलगी, आणि जादू गमावून बसलेला गेड. पुस्तकातला बराचसा वेळ शेळ्या राखण्यात आणि भांडी घासण्यात जातो. पहिल्या तीन पुस्तकांवर वाढलेले काही वाचक नाराज झाले.

पुलमन यांनी १९९६ मध्ये ‘नॉर्दर्न लाइट्स’साठी कार्नेगी पदक, म्हणजे ब्रिटनमधला बालसाहित्याचा मानाचा पुरस्कार, स्वीकारताना म्हटलं होतं, की काही विषय मोठ्यांच्या कादंबरीला पेलत नाहीत, ते मुलांच्या पुस्तकातच नीट मांडता येतात. कारण तिथे लेखकाला गोष्ट सांगण्याची लाज वाटत नाही. तेव्हा ते जरा चढ्या आवाजातलं विधान वाटलं असेल. जानेवारी २००२ मध्ये ‘नॉर्दर्न लाइट्स’च्याच मालिकेतल्या तिसऱ्या पुस्तकाला व्हिटब्रेड या ब्रिटिश साहित्य पुरस्कारांतला वर्षातल्या सर्वोत्तम पुस्तकाचा सन्मान मिळाला. मुलांच्या पुस्तकाला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ.

मोठेपणी पहिल्यांदाच या वाटेला जायचं असेल तर कुठून सुरुवात करावी? वेळ पुरत नाही अशी सतत तक्रार करणाऱ्यांनी ‘मोमो’. ज्यांना लढाया आणि भविष्यवाण्या नकोशा वाटतात त्यांनी अर्थसी; पहिलं पुस्तक लहानसं आहे, पण ‘टेहानू’ लगोलग वाचू नका, मध्ये काही वर्षं जाऊ द्या. सात-सात खंडांच्या मालिकेनं सुरुवात करू नये. घरात मूल असेल तर ‘द हॉबिट’ मोठ्यानं वाचा, रोज एक प्रकरण; ते कानांसाठीच लिहिलंय. आणि पन्नास पानांपर्यंत त्या जगातले नियम कळले नाहीत, जादूची किंमत कुणीच मोजताना दिसलं नाही, तर पुस्तक मिटवून दुसरं घ्या. मुलंही तेच करतात.